अंगुलि-अस्थिभंगांचे स्थिरीकरण

हाताच्या बोटांच्या पेरांतील हाडे (पर्वास्थी) व तळहातातील करभास्थी मोडल्या असता त्यांचे तुकडे योग्य स्थितीत आणून ते जुळून येईपर्यंत त्याच स्थितीत धरून ठेवण्याच्या क्रियेस स्थिरीकरण म्हणतात. प्रत्येक हातात १४ पर्वास्थी व ५ करभास्थी अशी एकूण १९ लांबट हाडे असतात. ती आकाराने लहान असली, तरी त्यांच्यावरून सरकणाऱ्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या), त्यांना जोडणारे सांधे आणि वर केवळ काही मिलिमीटर जाडीची त्वचा यांमुळे त्यांच्या अस्थिभंगाचा उपचार मांडीच्या हाडाच्या उपचारापेक्षा एका अर्थी अधिक नाजूक ठरतो. मांडीचे हाड जुळून आले की, काम बहुतांशी संपते. बोटाचे हाड जुळून आले, पण बोट वळेनासे झाले, तर उपचार फसला असेच म्हणावे लागते.

बोटांच्या अस्थिभंगांपैकी बहुसंख्य शस्त्रक्रियेवाचून बरे होतात. तुकडे फारसे सरकलेले नसल्यास मोडलेले बोट शेजारच्या निरोगी बोटास चिकटपट्टीने बांधून लगेच हालचाल करू दिली जाते. सरकलेले तुकडे बसवल्यावर जागेवर टिकत असतील, तर फळी (खपची) किंवा प्लास्टर पुरते. या वेळी तळहात व बोट यांमधील सांधा ७० ते ९० अंश वाकवलेला आणि पेरांमधील सांधे सरळ ठेवतात. एडिंबरोचे शल्यविशारद जेम्स यांच्या नावाने ही स्थिती ओळखली जाते. तीत सांध्यांच्या बाजूंचे बंध ताणलेले राहत असल्याने ते आखडत नाहीत. तुकडे बसवूनही पुन्हा निसटत असतील, अस्थिभंग तिरका, मळसूत्री वा अनेक तुकड्यांचा असेल, सांध्याच्या पृष्ठभागातून गेला असेल अथवा जखम उघडी असेल, तर मात्र धातूच्या साधनांनी स्थिरीकरण करावे लागते. अशा साधनांपैकी कोणते किती बळकट, हा यामिकीचा (प्रेरणांचा वस्तूंवर होणारा परिणाम अभ्यासणाऱ्या शास्त्राचा) प्रश्न आहे. किती बळकटी पुरेशी, हा त्याहून महत्त्वाचा व उत्तर देण्यास अवघड असा प्रश्न आहे.

मोडलेल्या हाडावरील प्रेरणा : पहिल्या पेराचे हाड मध्यावर मोडले असता तळहातातील लहान आंतरास्थी स्नायू तळाकडील तुकड्यास वाकवतात आणि प्रसारक कंडरेचा मधला पट्टा टोकाकडील तुकड्यास सरळ ओढतो. परिणामी अस्थिभंगाच्या कोनाचे टोक तळहाताच्या बाजूस येते. करभास्थीत याच्या उलट घडते. तेथे कोनाचे टोक हाताच्या पाठीकडे येते आणि मुठीच्या पाठीवर उंचवटा दिसतो. या ओढीमुळे होणारी विकृती बाहेरून लहान दिसली, तरी तिचे परिणाम मोठे असतात. करभास्थीतील केवळ ५ अंशांच्या पिळाने मूठ मिटताना बोटाचे टोक शेजारच्या बोटावर सुमारे दीड सेंमी. चढते. करभास्थी २ मिमी. आखूड झाली की, बोट पूर्ण सरळ होण्यास सुमारे ७ अंशांनी कमी पडते. पहिल्या पेराच्या हाडाबाबत तर दर मिमी. आखूडपणामागे मधला सांधा सुमारे १२ अंश वाकलेला राहतो, असे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. म्हणून येथे पिळाला होणारा विरोध हा वाकण्याला होणाऱ्या विरोधाइतकाच महत्त्वाचा असतो.

बोट ही तरफांची साखळी आहे. टोकाच्या सांध्यापासून चिमटीच्या जागेपर्यंतचे अंतर सुमारे २ सेंमी. धरले आणि आकुंचक कंडरा त्या सांध्याच्या अक्षापासून सुमारे अर्धा सेंमी. अंतरावरून जाते असे मानले, तर चिमटीत १ किग्रॅ. दाब देण्यासाठी कंडरेला जवळजवळ ४ किग्रॅ. ओढ द्यावी लागते. मागच्या सांध्यांवर हे प्रमाण आणखी वाढते. ही सर्व ओढ हाडाला लांबीच्या दिशेने दाबते आणि अस्थिभंग तिरका असल्यास तुकड्यांना एकमेकांवरून सरकवते. १९९२ मध्ये शूइंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी मनगटातील दबलेली मज्जा मोकळी करण्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी जिवंत माणसाच्या कंडरांवरच प्रेरणामापक बसवून प्रत्यक्ष मोजणी केली. दुसऱ्याने बोट वाकवले असता कंडरेतील ताण जास्तीत जास्त ०.९ किग्रॅ., रुग्णाने स्वतः, पण कशालाही न धरता बोट हलवले असता ३.५ किग्रॅ. आणि बोटाच्या टोकाने चिमटीत जोराने धरले असता १२ किग्रॅ.पर्यंत असल्याचे त्यांना आढळले. स्थिरीकरणाच्या पद्धतींची तुलना करताना हे तीन आकडे नजरेसमोर ठेवणे इष्ट ठरते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यांत साधनाने दुसऱ्या आकड्याइतका भार पेलला पाहिजे. तिसरा आकडा पेलण्याची जबाबदारी जुळून आलेल्या हाडाची आहे, धातूची नव्हे.

बळकटी मोजण्याच्या पद्धती : यासाठी मृत मानवी हाताची, डुकराची वा कृत्रिम हाडे घेऊन ती ठराविक रीतीने कापतात, निरनिराळ्या साधनांनी जोडतात आणि परीक्षण यंत्रात भार देतात. भार व विस्थापन यांच्या आलेखाचा उतार म्हणजे ताठरपणा आणि जोडणी निकामी होताना असलेला भार म्हणजे तिचे बल. या दोन राशी वेगळ्या आहेत, हे अनेकदा विसरले जाते. एखादी जोडणी खूप भार पेलते, पण त्याआधी २-३ मिमी. हलते. दुसरी मुळीच हलत नाही, पण एकाएकी तुटते. हाडाच्या दृष्टीने पहिली अधिक वाईट असू शकते.

भार देण्याच्या रीतीवरही निष्कर्ष अवलंबून असतात. हाड दोन टोकांवर ठेवून मध्यावर दाबल्यास (त्रिबिंदू नमन) सर्वाधिक नमन परिबल नेमके दाबाच्या बिंदूखाली येते आणि तेथेच साधन असल्यास निकाल विपर्यस्त होतो. दोन बिंदूंवर दाबल्यास (चतुर्बिंदू नमन) त्यांच्या दरम्यानच्या सर्व भागात परिबल सारखे राहते, त्यामुळे ही रीत तुलनेस अधिक योग्य मानतात. याखेरीज पीळ देऊन, लांबीच्या दिशेने दाबून आणि बोटाप्रमाणे एक टोक पक्के धरून दुसऱ्या टोकावर भार टाकूनही परीक्षणे करतात. एकदाच मोठा भार देण्यापेक्षा लहान भार हजारो वेळा देणे वस्तुस्थितीला अधिक धरून असते. रुग्णाने दर तासाला १० वेळा, दिवसाचे १४ तास बोट मिटले, तर चार आठवड्यांत जवळजवळ ४,००० आवर्तने होतात. धातूचा शिणवटा व तारेची भोके रुंदावणे हे दोष अशा परीक्षणातच उघड होतात.

किर्शनर तार : जर्मन शल्यविशारद मार्टिन किर्शनर यांनी १९०९ मध्ये ही गुळगुळीत, टोकदार तार मुळात हाडास ताण देण्यासाठी योजली. पुढे ती अस्थिभंगाचे तुकडे ओवण्यास वापरात आली आणि आजही बोटांच्या शस्त्रक्रियेत तिच्याइतके सर्रास वापरले जाणारे दुसरे साधन नाही. ती अगंज पोलादाची असून बोटांसाठी तिचा व्यास सामान्यतः ०.८ ते १.६ मिमी. असतो. त्वचा न कापता क्ष-किरण चित्र पाहत ती हाडात घालता येते, पर्यास्थिकला (हाडाचे रक्तवाहिन्यायुक्त आवरण) सोलावी लागत नाही आणि तीन-चार आठवड्यांनी ती चिमट्याने ओढून काढता येते.

गोल घन तारेचा नमनाला होणारा विरोध तिच्या व्यासाच्या चतुर्थ घाताच्या आणि तिचे बल व्यासाच्या तृतीय घाताच्या प्रमाणात असते. यामुळे १ मिमी. ऐवजी १.२ मिमी. व्यासाची तार घेतल्यास ताठरपणा दुपटीहून किंचित अधिक होतो, १.६ मिमी. घेतल्यास तो सुमारे साडेसहापट होतो. साधन बदलण्याआधी तारेचा व्यास बदलून पाहावा, हा व्यवहारी सल्ला या एका सूत्रातून निघतो. अर्थात अरुंद हाडात जाड तार घातल्यास हाडच चिरण्याचा धोका असतो.

एकच तार घातल्यास तुकडे तिच्याभोवती फिरू शकतात. म्हणून बहुधा दोन तारा एकमेकींस छेदून घालतात. त्या कोठे छेदतात, याला महत्त्व आहे. छेदनबिंदू नेमका अस्थिभंगाच्या पातळीवर आला, तर त्या पातळीवर दोन्ही तारा एकत्र येतात आणि पिळाला विरोध करणारी भुजाच उरत नाही. शिवाय तुकडे एकमेकांपासून दूर राहण्याचा संभव वाढतो. छेदनबिंदू अस्थिभंगापासून दूर असल्यास तारा अस्थिभंगाच्या पातळीवर परस्परांपासून लांब राहतात आणि पीळ रोखला जातो. प्रयोगात बळकट ठरलेली जोडणी शस्त्रक्रियागृहात सैल ठरते, ती पुष्कळदा याच कारणाने.

या तारेचे मुख्य वैगुण्य असे की, ती तुकड्यांना एकमेकांवर दाबत नाही, केवळ घर्षणाने धरून ठेवते. प्रयोगांत अशी जोडणी निकामी होते, ती तार तुटून नव्हे, तर बहुधा वाकून वा सरकून. तार वेगाने फिरवत घातल्यास उष्णता निर्माण होते. हाडाचे तापमान एक मिनिटभर ४७° से. राहिले, तरी त्यास इजा होते, असे १९८३ मध्ये दाखवून देण्यात आले. भाजलेल्या भोकाच्या कडेचे हाड मरून तार काही दिवसांतच ढिली पडते. म्हणून यंत्र मंदगतीने चालवणे, तारेस धार असणे आणि एकदाच अचूक घालणे या साध्या गोष्टी जोडणीच्या बळात भर घालतात.

अस्थ्यंतर्गत तार-वेढे : तुकड्यांना भोके पाडून सुमारे अर्धा मिमी. जाडीची मऊ तार ओवून पीळ दिल्यास आडव्या अस्थिभंगात तुकडे एकमेकांवर दाबले जातात. ग्रेअम लिस्टर यांनी १९७८ मध्ये असा एक वेढा व त्याच्या जोडीला एक तिरकी किर्शनर तार ही पद्धत मांडली. वेढा दाब देतो आणि तार पीळ रोखते. परस्परांशी काटकोन करणारे दोन वेढे घालण्याची पद्धतही रूढ आहे. एकट्या वेढ्याचे बळ फक्त त्याच्या प्रतलातच असते. त्या प्रतलाशी काटकोनात नमन झाल्यास तो बिजागरीसारखा वागतो.

करभास्थीत पाठीची बाजू ताणाखाली असते, हे वर सांगितले आहे. तेथे इंग्रजी आठच्या आकड्याच्या आकाराचा वेढा पाठीवर घातल्यास आकुंचक स्नायूंच्या ओढीने उघडू पाहणारी फट तार रोखते आणि तीच ओढ समोरच्या बाजूस दाबात बदलते. यास ताणपट्ट-तत्त्व म्हणतात. हाडाची तळहाताकडील भिंत अखंड असेल, तरच हे तत्त्व लागू पडते. ती चुरगळली असल्यास तारेला विरोधी आधार मिळत नाही आणि जोडणी कोसळते.

स्क्रू : लांब तिरक्या व मळसूत्री अस्थिभंगात स्क्रू उत्तम काम देतात. जवळच्या तुकड्यातील भोक स्क्रूपेक्षा मोठे ठेवून दूरच्या तुकड्यातच आटे पकडू दिले की, स्क्रू आवळताना दोन्ही तुकडे एकमेकांवर दाबले जातात. अस्थिभंगाची लांबी हाडाच्या व्यासाच्या किमान दुप्पट असावी व किमान दोन स्क्रू बसावेत, असा संकेत आहे. त्याहून आखूड अस्थिभंगात एकच स्क्रू बसतो आणि तो पीळ रोखू शकत नाही. स्क्रूची दिशा हा तडजोडीचा विषय आहे. अस्थिभंगाच्या प्रतलाशी काटकोन केल्यास दाब सर्वाधिक मिळतो, तर हाडाच्या अक्षाशी काटकोन केल्यास लांबीच्या दिशेचा भार चांगला पेलला जातो. पर्वास्थींसाठी १ ते १.५ मिमी. व करभास्थींसाठी २ ते २.४ मिमी. व्यासाचे स्क्रू सामान्यतः वापरतात. भोक तुकड्याच्या कडेच्या फार जवळ गेल्यास कड फुटते आणि मग मागे वळण्यास जागा राहत नाही.

पट्टी : नमन-परीक्षणांत पाठीवर बसवलेली धातूची पट्टी व तिचे स्क्रू ही जोडणी बहुतेक सर्व प्रयोगांत अग्रभागी राहिली आहे. १९७९ मध्ये फाइफ व मेसन यांनी पर्वास्थींवर, १९८४ मध्ये व्हॅनिक व सहकाऱ्यांनी आणि १९८५ मध्ये ब्लॅक व सहकाऱ्यांनी करभास्थींवर केलेले तुलनात्मक अभ्यास या विषयातील आधारभूत मानले जातात. ब्लॅक यांच्या अभ्यासात नमनाच्या बाबतीत पट्टी तारांच्या पद्धतींपेक्षा स्पष्टपणे सरस ठरली. पिळाच्या बाबतीत तिचे वर्चस्व इतके ठळक नसते. पट्टीचा ताठरपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून १ मिमी. ऐवजी दीड मिमी. जाडीची पट्टी सुमारे ३.४ पट ताठर असते. परंतु हा अर्धा मिमी. नेमका प्रसारक कंडरेखाली येतो, आणि पहिल्या पेरात ही कंडरा हाडाला पाठीवरून व दोन्ही बाजूंनी वेढून असते. कंडरा पट्टीला व व्रणाला चिकटते, बोट आखडते आणि पट्टी काढण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. यंत्रातील हाडाला त्वचा नसते, कंडरा नसते आणि रक्तवाहिन्याही नसतात, हे लक्षात घेतल्यास प्रयोगशाळेतील क्रमवारी शस्त्रक्रियागृहात जशीच्या तशी का उतरत नाही, हे कळते.

पट्टी अगंज पोलादाची असावी की टिटॅनियमाच्या मिश्रधातूची, याविषयीही मतभेद आहेत. पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक सुमारे १९० ते २०० गिगॅपास्काल, टिटॅनियम मिश्रधातूचा सुमारे ११० आणि घट्ट हाडाचा १७ ते २० असतो. हाडाच्या गुणांकाशी अधिक जवळ असलेला धातू हाडावरील भार कमी हिरावून घेतो, ही टिटॅनियमाची जमेची बाजू होय. बोटाच्या बाबतीत मात्र साधन काही आठवडेच उपयोगी असल्याने हा फरक मांडीच्या हाडाइतका निर्णायक नाही. स्क्रूचे डोके पट्टीत आट्यांनी बसणाऱ्या पट्ट्या अलीकडे उपलब्ध झाल्या असून चुरा झालेल्या हाडात त्या उपयोगी पडतात.

करभास्थीच्या पोकळीतून डोके नसलेला आटेदार स्क्रू घालण्याची पद्धत २०१० नंतर प्रचारात आली. तीत जखम लहान असते व हालचाल लवकर सुरू करता येते, परंतु स्क्रू सांध्याच्या कूर्चेतून घालावा लागतो.

बाह्य चौकट : हाडात त्वचेतून तारा घालून त्या हाताबाहेरील दांड्यांना जोडल्यास अस्थिभंगाची जागा मुळीच न उघडता स्थिरीकरण साधते. या पद्धतीत महाराष्ट्राचा वाटा लक्षणीय आहे. मुंबईचे हस्तशल्यविशारद बी. बी. जोशी यांनी १९८० नंतरच्या दशकात किर्शनर तारा, बारीक दांड्या व त्यांना पाहिजे त्या कोनात पकडणारे लहान सांधे यांची एक साधी, हलकी व स्वस्त रचना तयार केली. ती त्यांच्या नावाने ‘जोशी बाह्य स्थिरीकरण पद्धती’ व आद्याक्षरांवरून ‘जेस’ म्हणून देशभर परिचित आहे. आरंभी हाताच्या दुखापतींसाठी वापरलेली ही रचना पुढे जन्मजात वळलेल्या पावलांच्या उपचारासाठीही वापरात आली. जवळजवळ प्रत्येक अस्थिरोग विभागात मिळणाऱ्या तारांवरच ती उभारता येते, हे तिच्या प्रसाराचे एक कारण होय.

अशा चौकटीचे बळ तारेच्या व्यासाप्रमाणेच दांडी व हाड यांमधील अंतरावर अवलंबून असते. तारेचा मोकळा भाग तुळईसारखा वाकतो आणि त्याचे वाकणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. दांडी हाडापासून २० मिमी. ऐवजी १५ मिमी.वर आणली, तर तोच भार देऊन तार सुमारे निम्म्याहूनही कमी वाकते. तथापि हाताला सूज येणार असल्याने दांडी फार जवळ आणता येत नाही, अन्यथा ती त्वचेत रुतते. प्रत्येक तुकड्यात किमान दोन तारा घालणे, त्या शक्य तितक्या दूर ठेवणे आणि दुसरी दांडी वेगळ्या प्रतलात जोडणे या उपायांनी चौकट अधिक ताठर होते. नुसत्या आकड्यांत पाहिल्यास ती पट्टीहून दुबळी ठरते. पण कातडी फाटलेल्या, चिखल गेलेल्या, हाडाचा तुकडाच नाहीसा झालेल्या बोटावर पट्टी झाकण्यास मांसच नसते. तेथे तुलनेस दुसरा पक्षच उरत नाही.

किती हालचाल चालते : स्विस संशोधक श्टेफान पेरेन यांनी फटीतील ऊतकाच्या सहनशक्तीवरून या प्रश्नाचा विचार केला. जखम भरताना प्रथम येणारे मऊ ऊतक आपल्या लांबीइतके, म्हणजे १०० टक्के ताणले तरी टिकते, कूर्चा सुमारे १० टक्के आणि हाड केवळ २ टक्के विकृती सहन करते. १ मिमी. फटीत ०.२ मिमी. हालचाल झाल्यास विकृती २० टक्के होते. त्या फटीत हाड तयार होऊ शकत नाही. फट ४ मिमी. रुंदीवर वाटली गेली असेल, तर तीच हालचाल ५ टक्के ठरते. म्हणूनच दोनच तुकड्यांचा, अरुंद फटीचा अस्थिभंग स्क्रूने घट्ट दाबावा लागतो. उलट अनेक तुकड्यांचा अस्थिभंग तारांच्या व चौकटीच्या काहीशा सैल जोडणीतही किण (नव्या हाडाचा वेढा) तयार करून जुळतो. सर्वांत धोक्याची स्थिती या दोहोंमधली असते. फट अरुंद, पण दाब नाही, हे छेदलेल्या तारांच्या बाबतीत वारंवार घडते.

वरील विवेचनावरून पद्धतींची एकच क्रमवारी लावता येत नाही. आडव्या अस्थिभंगात नमनाविरुद्ध पट्टी सर्वांत बळकट, त्याखालोखाल वेढा-तार जोडणी व मग केवळ छेदलेल्या तारा, असे सामान्यतः आढळते. लांब तिरक्या अस्थिभंगात दोन-तीन स्क्रू पट्टीच्या तोडीचे काम कमी धातूत करतात. आपल्या आपण, पण निर्भार हालचालीसाठी लागणारे बळ चांगल्या रीतीने घातलेल्या तारांतही बहुधा मिळते, आणि तेथे पट्टीचे अधिक बळ वापरलेच जात नाही. न वापरलेल्या बळाची किंमत मात्र आखडलेल्या बोटाच्या रूपाने मोजावी लागू शकते.

ग्रामीण भागातील विचार : ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांत, म्हणजे तानसा, भातसा व काळू या नद्यांच्या खोऱ्यांत, हा प्रश्न निराळ्या रूपात पुढे येतो. १८९२ मध्ये पूर्ण झालेल्या तानसा धरणाचे पाणी नळांतून मुंबईस जाते. धरणाच्या भोवतालचा प्रदेश मात्र डोंगराळ व जंगलाचा असून भातशेती, गवतकापणी, वीटभट्ट्या व रोजंदारी यांवर जगणाऱ्या कुटुंबांचा आहे. यांत ठाकूर, कातकरी, वारली व महादेव कोळी समाजांची वस्ती मोठी आहे. येथे बोटे मोडतात ती दगड वा लाकडाचा ओंडका पडून, बैलगाडीच्या जोखडात वा चाकात हात सापडून, भात झोडण्याच्या व वैरण कापण्याच्या यंत्रांत आणि मुरबाडच्या औद्योगिक क्षेत्रातील दाबयंत्रांत. मळणीयंत्रांमुळे होणाऱ्या अशा अपघातांची दखल घेऊन १९८३ मध्ये केंद्र शासनाने धोकादायक यंत्रांच्या विनियमनाचा कायदा केला. यंत्राच्या जखमा बहुधा उघड्या, चिरडलेल्या व मळलेल्या असतात. प्रथम त्या धुऊन मृत ऊतक काढणे, धनुर्वाताची लस टोचणे व प्रतिजैविके देणे अत्यावश्यक असते. स्थिरीकरणाचा विचार त्यानंतर येतो.

खेड्यात मोडलेले बोट पुष्कळदा आधी हाडवैद्याकडे जाते. बांबूच्या कांबट्या बांधून तो हाड धरून ठेवतो. बांबूचा ताठरपणा बोटासाठी पुरेसा असतो, हे नाकारण्याचे कारण नाही. दोष असतो तो घट्ट बांधण्यात आणि बोट सरळ ठेवण्यात. बांधल्यानंतर सूज वाढते, रक्तप्रवाह थांबतो आणि बोट काळे पडू शकते. तीन आठवडे सरळ राहिलेला मुळाचा सांधा पुढे वळत नाही. पिळाकडे तर लक्षच जात नाही, कारण सरळ बोटात पीळ दिसत नाही. तो बोटे मिटल्यावरच दिसतो. मिटलेली सर्व बोटे मनगटाजवळील नावेसारख्या हाडाच्या दिशेने झुकतात. एखादे बोट त्या दिशेस चुकले, तर पीळ आहे असे समजावे. ही परीक्षा कोणत्याही उपकरणावाचून प्राथमिक आरोग्य केंद्रातही करता येते. केवळ बोट व हात बधिर करून, रुग्णास जागे ठेवून केलेल्या शस्त्रक्रियेत तर शल्यविशारद रुग्णास मेजावरच मूठ मिटायला सांगून पीळ गेला की नाही, हे पाहू शकतो.

साधनाची निवड येथे ऋतूवरही अवलंबून असते. आवणी जून-जुलैत होते. त्या दिवसांत कमरेत वाकून, हात घोटाभर चिखलात बुडवून रोपे खोवावी लागतात. त्वचेबाहेर टोक असलेल्या तारेच्या भोकातून चिखलाचे पाणी आत गेल्यास पू होतो, तार ढिली पडते आणि प्रयोगशाळेत मोजलेले बळ आठवडाभरात निघून जाते. अशा वेळी तारेचे टोक त्वचेखाली पुरणे किंवा स्क्रू वापरणे अधिक सोयीचे ठरते, मात्र पुरलेली तार काढण्यासाठी रुग्णास पुन्हा यावे लागते. भातकापणी आटोपल्यावर कुटुंबे भट्ट्यांवर कामास स्थलांतर करतात आणि नेमून दिलेल्या दिवशी येणे बहुधा घडत नाही. म्हणून पहिल्या भेटीतच पुढची तारीख मजुरीच्या हंगामाकडे पाहून ठरवावी लागते.

पर्वास्थी साधारणपणे तीन ते चार आठवड्यांत हाताला जुळल्यासारखी लागते. क्ष-किरण चित्रातील रेषा पुसण्यास त्याहून पुष्कळ अधिक, काही वेळा अनेक महिने लागतात. चित्र पूर्ण स्वच्छ होण्याची वाट पाहत बोट बांधून ठेवल्यास ते आखडते. दाबल्यावर वेदना नसेल, तर चौथ्या आठवड्याच्या सुमारास तार काढून हालचाल वाढवतात. शेजारच्या बोटाला बांधणे आणखी दोन-तीन आठवडे चालू ठेवतात. विळा, कुदळ वा विटांची पाटी धरण्यास सर्वसाधारणपणे आठ ते बारा आठवड्यांनंतरच परवानगी देतात. चिमटीतील १२ किग्रॅ.चा ताण त्या वेळी तारेवर नसतो, हाडावर असतो.